उसन्या मतांचा पक्ष

20 जानेवारी 2013 रोजी जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यात विधानसभेची निवडणूक झाली. फ्री डेमोक्रॅटिक पार्टी, म्हणजे एफडीपी, हा मध्यममार्गी उदारमतवादी पक्ष जनमत चाचण्यांत जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता. मतपेट्या उघडल्या तेव्हा त्याच्या पदरात 9.9 टक्के मते होती. ही वाढ आली कुठून? बरीचशी शेजारच्याच घरातून. त्या राज्यात सीडीयू हा मोठा पुराणमतवादी पक्ष आणि एफडीपी यांचे संयुक्त सरकार होते. छोटा मित्र विधानसभेबाहेर राहिला तर आपलाही मुख्यमंत्री जाईल, या भीतीने सीडीयूच्या हजारो समर्थकांनी आपले मत त्याला दिले. झाले भलतेच. मित्र गुटगुटीत झाला, सीडीयू रोडावली आणि एका जागेने सत्ता विरोधकांकडे गेली.

अशा मतांना जर्मनीत शब्दशः ‘उसनी मते’ म्हणतात. एफडीपीचे आघाडीतले भवितव्य बहुतेक वेळा या उसनवारीवरच ठरत आले आहे.

ते कसे, हे कळण्यासाठी आधी मतपत्रिका समजून घ्यायला हवी. जर्मन मतदाराला दोन मते असतात. पहिले मत मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरे पक्षाला. संसदेत, म्हणजे बुंडेस्टागमध्ये, कोणाचे किती बळ हे दुसऱ्या मतावर ठरते. मात्र देशभरात किमान पाच टक्के मते मिळवावी लागतात किंवा तीन मतदारसंघ जिंकावे लागतात. नाहीतर उंबरठ्याबाहेर. मतदारसंघ जिंकणे हा एफडीपीचा मार्गच नव्हे: 1957 नंतर तिने तशी एकच जागा जिंकली, 1990 साली, हाले शहरात. त्यामुळे तिची सारी भिस्त दुसऱ्या मतावर. आपल्याकडे युतीतले पक्ष निवडणुकीआधी जागावाटप करतात, कोणता मतदारसंघ कोणाला यावर रात्री जागवतात. जर्मनीत ते वाटप मतदारच मतपत्रिकेवर करतो: पहिले मत मोठ्याला, दुसरे धाकट्याला.

1948 साली हेप्पेनहाइम गावी स्थापन झालेल्या या पक्षाने साडेचार दशकांहून अधिक काळ केंद्रात सत्ता भोगली. 1969 ते 1998 अशी जवळपास सलग 29 वर्षे तो सरकारात होता. ब्रांट, श्मिट आणि कोल हे तिन्ही चान्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, त्याच्या टेकूवर उभे राहिले. एवढी किंमत मिळण्याचे कारण साधे होते. सीडीयू आणि सोशल डेमोक्रॅट्स हे दोन मोठे पक्ष, दोघांनाही सहसा एकट्याच्या बळावर बहुमत नाही आणि मधे हा एकटा. एफडीपीचे अध्यक्ष वाल्टर शील यांनी 1969 मध्ये अवघ्या 5.8 टक्के मतांवर सोशल डेमोक्रॅट ब्रांट यांना चान्सेलर केले. बहुमताला 249 मते लागत होती, ब्रांट यांना 251 मिळाली.

पण दोन्हीकडे जाता येणाऱ्यावर दोन्हीकडचे लोक संशयही घेतात. 1980 मध्ये एफडीपीने श्मिट यांच्या सोशल डेमोक्रॅट्ससोबत राहण्याचे सांगून 10.6 टक्के मते मिळवली. अर्थधोरणावरून खटके उडत गेले आणि 1 ऑक्टोबर 1982 रोजी गेन्शर यांच्या नेतृत्वाखालच्या या पक्षाने श्मिट यांना खाली खेचून सीडीयूच्या कोल यांना चान्सेलर केले. कौल एकाच्या सोबतीने मागायचा आणि सत्तेत दुसऱ्यासोबत बसायचे, ही गोष्ट 2019 नंतरच्या महाराष्ट्राला वेगळी समजावून सांगायला नको. पक्षात फूट पडली, काही खासदार थेट सोशल डेमोक्रॅट्सकडे गेले. पाठिंबा काढून घेतल्यानंतर काही दिवसांतच हेसे राज्यात मतदान झाले. तिथे एफडीपीला 3.1 टक्के मते पडली.

तरीही मार्च 1983 च्या संसदीय निवडणुकीत हाच पक्ष सात टक्क्यांवर पोहोचला. कसा, ते मतांच्या दोन रकान्यांत दिसते: दुसरी मते 7 टक्के, पहिली मते फक्त 2.8 टक्के. म्हणजे त्याला मत देणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपला उमेदवार दुसऱ्याच पक्षातला निवडला होता. कोल यांचे सरकार टिकावे म्हणून त्यांच्याच समर्थकांनी धाकट्या भागीदाराला तारले.

सावकाराने हात आखडला की काय होते, हे 2013 ने दाखवले. लोअर सॅक्सनीत पोळलेल्या, चान्सेलर मर्केल यांच्या सीडीयूने सप्टेंबरच्या संसदीय निवडणुकीत आपल्या मतदारांना बजावले की दुसरे मतही आपल्यालाच द्या. मर्केल हव्या असतील तर आम्हाला मत द्या, असे आर्जव एफडीपीने केले. ते फळले नाही. चार वर्षांपूर्वी 14.6 टक्के मिळवणारा पक्ष 4.8 वर घसरला आणि प्रथमच बुंडेस्टागबाहेर गेला. गंमत अशी की मर्केल यांचाही तोटा झाला. त्यांच्या आघाडीला 631 पैकी 311 जागा मिळाल्या, बहुमताला पाच कमी, आणि हाताशी असलेला हक्काचा भागीदार सभागृहातच नव्हता. त्यांना सोशल डेमोक्रॅट्ससोबत संसार मांडावा लागला.

नवे अध्यक्ष ख्रिस्तियान लिंडनर यांनी पक्ष पुन्हा उभा केला. 2017 मध्ये 10.7 टक्के मिळवून त्यांनी मर्केल आणि ग्रीन्स यांच्याबरोबरची बोलणी मोडली. 2021 मध्ये मात्र ते सोशल डेमोक्रॅट्स आणि ग्रीन्स यांच्यासोबत सरकारात गेले. ही तिघांची मोट खर्चाच्या प्रश्नावर सुटली. नोव्हेंबर 2023 मध्ये घटना न्यायालयाने 60 अब्ज युरोंची तरतूद रद्द केली आणि जवळपास वर्षभराने, 6 नोव्हेंबर 2024 रोजी, चान्सेलर शोल्त्झ यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढून टाकले. सरकारातून बाहेर पडण्याचा आराखडा एफडीपीने आधीच आखला होता, हे काही दिवसांत उघड झाले. सरचिटणिसांना राजीनामा द्यावा लागला.

अशा अवस्थेत पक्ष फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीला सामोरा गेला. त्याने ग्रीन्सबरोबर जाणार नाही असे जाहीर केले आणि सीडीयूचे फ्रीडरिश मेर्त्झ यांच्याकडे हात पुढे केला. मेर्त्झ यांनी तो धरला नाही. एफडीपीला दिलेली मते वाया जातील, असेच ते प्रचारात सांगत राहिले. त्यामागे हिशेब होता. चाचण्यांनुसार दोघे मिळूनही बहुमतापासून बरेच दूर होते, मग उसने देऊन मिळणार काय? शिवाय 2023 च्या नव्या निवडणूक कायद्याने दुसऱ्या मताचे मोल आणखी वाढवले होते. पक्षाच्या दुसऱ्या मतांचा आधार नसेल तर मतदारसंघ जिंकलेल्यालाही आता जागा मिळत नाही. त्या निवडणुकीत असे 23 विजेते संसदेत पोहोचलेच नाहीत आणि त्यांतले बहुसंख्य मेर्त्झ यांच्याच गोटातले होते. ज्याच्या स्वतःच्या घरात चणचण, तो उसने कशाला देईल?

एफडीपीला 4.3 टक्के मते मिळाली आणि लिंडनर यांनी राजकारणातून निवृत्ती जाहीर केली.

या निकालात आणखी एक आकडा पाहण्यासारखा आहे. मेर्त्झ यांच्या आघाडीच्या 208 आणि सोशल डेमोक्रॅट्सच्या 120 अशा मिळून 328 जागा झाल्या. 630 जणांच्या सभागृहात बहुमताला 316 लागतात. दोन छोटे पक्ष उंबरठ्यावर अडले म्हणूनच हे जमले. त्यांतला दुसरा, सारा वागनक्नेश्त यांचा पक्ष, 4.98 टक्क्यांवर, म्हणजे साधारण साडेनऊ हजार मतांनी अडखळला. दोहोंपैकी एक जरी आत आला असता, तरी मेर्त्झ यांना तिसरा भागीदार शोधावा लागला असता. 1969 मध्ये एफडीपीच्या संसदेत असण्याने सरकार बनले होते. 2025 मध्ये तिच्या नसण्यामुळे दोघांत भागले.