‘प्रक्रिया केलेला’ तंतू कोणता?

परदेशातून रंगवलेला पॉलिएस्टर तंतू मागवला, म्हणजे तो ‘प्रक्रिया केलेला’, असे समजून अनेक आयातदार तो शीर्षक ५५०६ मध्ये दाखवतात. समज स्वाभाविक आहे, पण वर्गीकरण तसे चालत नाही.

सीमाशुल्क सूचीच्या प्रकरण ५५ मध्ये स्टेपल फायबर (ठरावीक लांबीचे आखूड तुकडे केलेला मानवनिर्मित तंतू) येतो. येथे ‘प्रक्रिया’ म्हणजे फक्त सूतकताईची तयारी: कार्डिंग (पिंजून तंतू मोकळे करणे), कोम्बिंग (विंचरून ते सरळ करणे) किंवा तशीच अन्य क्रिया. ती झाली नसेल, तर सिंथेटिक तंतू ५५०३ मध्ये आणि व्हिस्कोससारखा तंतू ५५०४ मध्ये जातो. झाली असेल, तर अनुक्रमे ५५०६ आणि ५५०७.

गहू निवडला, धुतला, वाळवला तरी गहूच राहतो. दळल्यावरच त्याचे पीठ होते. तसेच धुतलेला, ब्लीच केलेला किंवा रंगवलेला तंतू पिंजला नसेल, तर ५५०३ मध्येच राहतो.

म्हणून बिल ऑफ एन्ट्री भरण्याआधी नमुना पाहावा. गठ्ठ्यात सुटे, अस्ताव्यस्त पुंजके आहेत, की तंतू एका दिशेने लावलेले लांब पेळू? शीर्षक त्यावरून ठरते, रंगावरून नव्हे.