जुन्या बाजारातले पदार्थविज्ञान

विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वेळी आठवड्याच्या बाजारात किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारात जाल, तेव्हा खिशात तीन गोष्टी ठेवा: एक लहान लोहचुंबक, हातभर दोरा आणि जमल्यास प्रयोगशाळेत असतो तसा एक ताणकाटा. पैसे थोडेच असले तरी चालतील. का, ते सांगतो.

मी एम्. एस्सी.ला होतो तेव्हा, म्हणजे २००३ साली, पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात वरचेवर जात असे. तो बुधवारी आणि रविवारी भरत असे. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर नळाच्या तोट्या, कुलपे, भिंगे, रेडिओचे स्पीकर, नाणी, जुनी अवजारे असा सगळा संसार मांडलेला. प्रयोगासाठी लागणारी भिंगे मी तिथूनच आणी. भिंग पारखणे सोपे. दूरच्या इमारतीची प्रतिमा वहीच्या पानावर घ्यायची आणि भिंगापासून कागदापर्यंतचे अंतर मोजायचे. तेच त्याचे नाभीय अंतर.

एकदा तिथे मला एक पिवळाधमक घोडा दिसला. विक्रेता म्हणाला, "अस्सल पितळ आहे." मी ऐटीत चुंबक लावून पाहिला. चिकटला नाही. म्हणजे आत लोखंड नाही! घोडा घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सहज म्हणून तो प्रयोगशाळेच्या तराजूला दोऱ्याने टांगला. हवेत वजन ३३५ ग्रॅम भरले. मग टांगलेला घोडा चंचुपात्रातल्या पाण्यात पूर्ण बुडवला, तेव्हा २८५ ग्रॅम. घट ५० ग्रॅम. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्हांला ठाऊक आहे: वस्तूच्या वजनात येणारी घट तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकी असते. ३३५ ला ५० ने भागले की विशिष्ट गुरुत्व ६.७ येते. पितळेचे असते ८.४ ते ८.७. माझा घोडा जस्ताच्या मिश्रधातूचा होता आणि त्यावर पितळेचा पातळ मुलामा होता! जस्तालाही चुंबक चिकटत नाही, हे परीक्षेत लिहिणारा मी बाजारात मात्र विसरलो होतो. (हा प्रयोग करताना वस्तूच्या पोकळीत हवा अडकू देऊ नका. वस्तू ती आहे त्यापेक्षा हलक्या धातूची वाटेल.)

घोड्याकडे पुन्हा येऊ. आधी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला चला, जिथे जुन्यातून हाताने नवे केलेले असते. तिथली राणी म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे, फाटके सदरे एकावर एक पसरायचे आणि धावदोऱ्याने शिवायचे. आता प्रश्न असा, की झिजून विरलेल्या कापडाला एवढी ऊब येते कोठून?

ऊब कापडात नसते, मित्रांनो. ती तुमच्याच अंगाची असते. गोधडी फक्त ती बाहेर जाऊ देत नाही. हे काम कापडापेक्षा थरांमध्ये अडकलेली हवा अधिक करते. स्थिर हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे २३ पट अधिक वाहक. पण "स्थिर" हा शब्द महत्त्वाचा. मोकळी हवा तापली की वर जाते, तिची जागा थंड हवा घेते आणि अभिसरणाने उष्णता निघून जाते. पाच-सहा पातळ थरांमध्ये मात्र हवेला हलायला जागाच राहत नाही. म्हणून तेवढ्याच वजनाच्या एका घट्ट विणीच्या जाड कापडापेक्षा गोधडी उबदार. टाका घातला की तेवढ्या रेषेत थर दाबले जातात आणि हवा निघून जाते. टाके फार विरळ घातले तर धुताना थर सरकून गोळा होतात. शिवणारी आजी यातला मध्य बोटांनी साधते.

घरी करून पाहा. स्टीलचे तीन सारखे पेले घ्या. एक उघडा ठेवा, दुसऱ्याला जुन्या सुती कापडाचे चार पदर गुंडाळा, तिसऱ्याला तेवढेच पदर ओले करून पिळून गुंडाळा. तिन्हींत मोठ्या माणसांच्या देखत सारखे गरम पाणी ओता आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. ओले कापड गुंडाळलेल्या पेल्याचे काय होते ते पाहिलेत, की पावसाळ्यात दमट गोधडी निरुपयोगी का वाटते ते कळेल.

गोधडीशेजारी बहुधा टायरच्या चपला असतात. टायर वितळवून पुन्हा टायर का करत नाहीत? रबर गंधकाबरोबर तापवले की त्याच्या लांबलचक रेणूंमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात. चार्ल्स गुडइयरला हे १८३९ साली सापडले. पूल बांधले गेल्यावर ते रबर तापवले तरी वितळत नाही; करपते, जळते. ते पूल तोडण्याच्या पद्धती आहेत, पण खर्चिक. तेव्हा टायर कापून तळवे करणारा कारागीर रसायनशास्त्राला धरूनच वागतो.

ॲल्युमिनियमची गोष्ट उलट. ते ६६० अंश सेल्सियसला वितळते. एक किलो ॲल्युमिनियम वितळवायला हिशेबाने जेमतेम ०.३ युनिट ऊर्जा लागते. भट्टीत वाया जाते ती धरली तर त्याच्या काही पट. खनिजापासून तेवढेच ॲल्युमिनियम काढायला मात्र सुमारे १४ युनिट वीज जाते. म्हणून चेपलेले पातेले टाकून देणे म्हणजे वीजच टाकून देणे. अर्थात तेलाच्या डब्याला कडी लावून धान्याचा डबा केला, तर भट्टीसुद्धा लागत नाही.

एक गोष्ट मात्र चुंबक, दोरा आणि पाणी यांपैकी कोणीच तुम्हांला सांगणार नाही. जुन्या रंगीत खेळण्याच्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगात ते दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे, पोपडे निघालेले खेळणे धाकट्या भावंडाला देऊ नका. ते तोंडात घालतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते आणि ती इजा भरून येत नाही. जुन्या बॅटऱ्या तर घरी मुळीच उघडू नका.

आता घोडा. पुढच्या रविवारी मी तावातावाने त्या विक्रेत्याकडे गेलो आणि माझे ६.७ त्याला ऐकवले. तो गप्पच झाला. मग म्हणाला, "साहेब, मी पण पितळेच्या भावानं किलोवर घेतलाय. अजून चार आहेत." म्हणजे माझ्यापेक्षा तोच अधिक फसला होता. माझे पैसे एकदाच गेले; त्याचा आठवड्याचा नफा गेला.

त्याने गोणपाटावरची एक चकचकीत तोटी उचलून माझ्या हातात दिली. "ही बघा बरं."

ताणकाटा पिशवीत होताच. शेजारच्या चहावाल्याकडून पातेलेभर पाणी घेतले. हवेत ४२५ ग्रॅम, पाण्यात ३७५. काट्यावर पाच ग्रॅमची चूक धरली, तरी घोड्याच्या धातूची असती तर घट साठीच्या पुढे गेली असती. तोटी पितळेची निघाली. तोपर्यंत आमच्याभोवती पाच-सहा विक्रेते आपापल्या वस्तू घेऊन उभे राहिले होते, आणि चहावाला पातेले परत मागत होता.