बाटलींतील वेल

मोठ्या शहरांतील बिऱ्हाडांचें अंगण गेलें, आणि अंगणाबरोबर परसांतील केळ व दारावरची जाई याहि गेल्या. तथापि घरांत कांहीं तरी हिरवें असावें ही माणसाची ओढ गेली नाहीं. ती ओढ आज बहुधा एका वेलीवर भागविली जाते. खिडकीच्या कट्ट्यावर, पुस्तकांच्या कपाटावर किंवा स्वयंपाकघरांतील फळीवर कांचेच्या बाटलींत वाढणाऱ्या या वेलीस सर्व लोक मनी प्लँट म्हणतात. ती चोरून आणली तरच घरांत पैसा येतो, अशी समजूत आहे. आणि एरवीं परक्याच्या काडीलाहि हात न लावणारीं सज्जन माणसें या एका बाबतींत शेजाऱ्याच्या गॅलरीकडे सूचक दृष्टीनें पाहतात. पैशाशीं या वेलीचा कांहींएक संबंध नाहीं. घराच्या आरोग्याशीं मात्र आहे. आणि तो समजण्यास ती मूळची कोठली व कोणत्या स्वभावाची, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

पॅसिफिक महासागरांतील, फ्रेंच पॉलिनेशियापैकीं मोरेआ हें लहानसें बेट तिचें माहेर होय. १८८० सालीं ‘पोथॉस ऑरियस’ या नांवानें तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें. पुढें नांवें बदलत जाऊन १९६४ सालीं ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हें नांव तिला मिळालें. तिचें कुल मात्र आपल्या स्वयंपाकघरास परकें नाहीं. अळू आणि सुरण हीं तिचीं भावंडेंच.

रानांत ही वेल वृक्षांच्या सावलींत भुईवर पसरते, आणि एखादें खोड सांपडतांच पेरापेरांतून सुटणाऱ्या मुळांनीं त्यास घट्ट धरून उजेडाकडे वर चढते. अशी वेल २० मीटरपर्यंत उंच जाते. तिचें एकेक पान जवळजवळ मीटरभर लांब होतें व कडेनें चिरलेलें दिसतें. कोंकणांतील बागांतून नारळाच्या खोडावर चढलेली भल्या मोठ्या पानांची वेल आणि कपाटावरून लोंबणारी तळहाताएवढ्या पानांची वेल या दोन जाती नव्हेत. वेल एकच; आधार धरून चढली कीं पानें मोठीं होतात, खालीं लोंबली कीं लहान राहतात.

तिची दुसरी नवलाई अशी कीं, तिला फूल येत नाहीं. आपोआप फूल आल्याची अखेरची ज्ञात नोंद १९६४ सालची आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें याचें कारण उलगडलें. फुलण्यास अवश्य असें जिबरेलिन नांवाचें द्रव्य तयार करण्याची तिची शक्ति एका जनुकांतील बिघाडामुळें खुंटली आहे. तें द्रव्य बाहेरून फवारलें, तेव्हां तिला फुलें आलीं. म्हणूनच घरोघरच्या वेली बियांपासून नव्हे, तर एकमेकींच्या तुकड्यांपासून झालेल्या आहेत.

या स्वभावावरूनच तिची निगा ठरते. सावलींत वाढणारी असल्यानें तिला भरपूर उजेड हवा, पण कडक ऊन नको. दुपारच्या उन्हांत पानें करपतात. अंधाऱ्या कोपऱ्यांत ती सहसा मरत नाहीं. परंतु तिचीं पेरें लांबट होतात आणि पानांवरील पिवळे पट्टे नाहींसे होऊं लागतात. पिवळ्या भागांत हरितद्रव्य कमी असतें, आणि उजेड अपुरा पडला म्हणजे ही चैन वेलीस परवडत नाहीं. नवी वेल करावयाची असल्यास पेराच्या किंचित् खालीं तुकडा कापावा, कारण मुळें फुटतात तीं पेरांतूनच. नुसतें पान पाण्यांत पुष्कळ दिवस हिरवें राहील, पण त्याची वेल होणार नाहीं.

कुंडींतील माती भुसभुशीत असावी व कुंडीच्या बुडास छिद्र असावें. वरची बोटभर माती कोरडी लागेल तेव्हांच पाणी घालावें. रोज ठराविक वेळीं तांब्याभर पाणी ओतण्याची शिस्त माणसास भूषणावह असली, तरी वेलीस घातक होते. मुळें कुजतात, पानें पिवळीं पडतात. आणि पानें पिवळीं पडलीं म्हणून आणखी पाणी घातलें जातें! कुंडींत काथ्या गुंडाळलेली काठी रोवून ती ओलसर ठेवली, तर मुळें तिला धरतात आणि पानांचा आकार वाढतो.

आतां बाटलीविषयीं. केवळ पाण्यावर ही वेल वर्षानुवर्षें जगते, हाच तिचा मोठा गुण आणि हाच घरास मोठा धोका. ती टवटवीत दिसते म्हणून बाटलीकडे महिनोन् महिने कोणी पाहत नाहीं. डेंग्यूचा प्रसार करणारी एडिस इजिप्ती जातीची डांसाची मादी अशाच स्वच्छ व स्थिर पाण्याच्या शोधांत असते. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आंतल्या बाजूस ती अंडीं घालते. पाणी लागलें कीं त्यांतून अळ्या निघतात, आणि उबदार हवेंत साधारणपणें ७ ते १० दिवसांत डांस तयार होतात. हे डांस दिवसां चावतात. त्यामुळें रात्रीची मच्छरदाणी त्यांच्यापुढें अपुरी पडते. मुंबईंत पालिकेचे कर्मचारी घरोघर मनी प्लँटच्या बाटल्या तपासतात, तें याचकरितां.

उपाय सोपा आहे, परंतु अर्धवट केला तर व्यर्थ. बाटलींतील सर्व पाणी आठवड्यांतून एकदां बदलावें. नुसती वरून भर घालूं नये. भर घातल्यानें पाण्याची पातळी चढते व सुकलेलीं अंडीं भिजतात, म्हणजे डांसांस मदतच होते. हीं अंडीं कोरड्यांतहि महिनोन् महिने जिवंत राहत असल्यामुळें बाटली आंतून ब्रशनें घासावी व मुळेंहि धुवावीं. बाटलीचें तोंड वेलीभोंवतीं कापसानें बंद करावें. कुंडीखालच्या बशीसहि हाच नियम लागू आहे. इतकी सवड ज्या घरांत नसेल, तेथें वेल मातींत लावणें हेंच शहाणपणाचें.

आणखी एक सावधगिरी हवी. अळूच्या भाजींत चिंच घालावयास विसरल्यास घसा खवखवतो, याचा अनुभव पुष्कळांस असेल. अळूंतील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक त्यास कारण होतात. तसेच स्फटिक या वेलींतहि आहेत. रांगत्या मुलानें किंवा मांजरानें पान चावल्यास तोंडाची आग होते, सूज येते व लाळ गळते. म्हणून वेल उंचावर ठेवावी.

ही वेल घरांतील हवा शुद्ध करते, असाहि बोलबाला आहे. त्याचें मूळ १९८९ सालच्या नासा या अमेरिकन संस्थेच्या प्रयोगांत आहे. पण ते प्रयोग बंद पेट्यांतील होते. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याप्रमाणें, इमारतींत येणाऱ्याजाणाऱ्या हवेनें जें काम होतें तेवढें झाडांकडून करून घेण्यास दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडें लागतील. त्यापेक्षां खिडकी उघडणें सोपें!

तेव्हां ही वेल पैशासाठीं नको व हवेसाठींहि नको. डोळ्यांना मिळणाऱ्या गारव्यासाठीं ती खुशाल असावी. दर रविवारीं बाटली घासण्याचें काम घरांतील शाळकरी मुलांकडे सोंपवावें. मूळ पेरांतून कसें फुटतें हें त्यांना प्रत्यक्ष दिसेल, आणि घरांतील डांसांचें एक ठाणें उठेल.