हुकलेल्या निविदेवर दाद मागावी का?

सरकारी निविदा हातची गेली की ठेकेदारापुढे प्रश्न उभा राहतो: दाद मागायची, की पुढच्या टेंडरच्या तयारीला लागायचे? त्याचे उत्तर तीन गोष्टींवर ठरते: चूक कशात झाली, त्या चुकीनेच काम गेले का आणि वेळ किती उरला आहे.

आधी कारण लेखी मागवावे. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम 173 प्रमाणे, बोलीदाराने विचारणा केल्यास निविदा नाकारण्याचे कारण सांगावे लागते. अनुभवाचा दाखला खरोखरच अपुरा असेल किंवा दर चढा असेल, तर विषय तिथेच संपतो.

कारण पटले नाही, तरी न्यायालय निविदांची छाननी नव्याने करत नाही. निर्णय कसा घेतला गेला एवढेच तपासायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये टाटा सेल्युलर खटल्यात स्पष्ट केले. 2006 च्या जगदीश मंडल निकालाने दोन कसोट्या दिल्या: कारभार मनमानी किंवा दुष्ट हेतूचा होता का, आणि सार्वजनिक हिताला बाधा येते का. गुण दोन-चार कमी पडले, एवढी तक्रार त्यांत बसत नाही. जाहिरातीतली अट एकासाठी शिथिल केली, ही तक्रार बसू शकते.

मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाचा खटला याचेच उदाहरण आहे. 1977 च्या निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती. ती पूर्ण न करणाऱ्यालाच काम मिळाले. स्वतःच घातलेली अट विमानतळ प्राधिकरणाला मोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये ठरवले. तरीही अर्जदाराच्या हाती काही लागले नाही. त्याने स्वतः निविदा भरलेली नव्हती. शिवाय निविदा मंजूर झाल्यावर पाच महिन्यांहून अधिक काळाने तो न्यायालयात आला आणि तोवर ठेकेदाराचा बराच खर्च होऊन गेला होता.

पायाभूत सुविधांच्या कामांत स्थगिती मिळणे आणखी अवघड असते. अन्याय झालेल्या बोलीदाराला नुकसानभरपाई मागता येते, पण काम सहसा थांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले.

त्यामुळे अटभंगाचा कागदोपत्री पुरावा हाती असेल आणि तो अटभंग झाला नसता तर काम आपल्यालाच मिळाले असते असे दिसत असेल, तरच लढ्यात उतरावे. तसे असल्यास कार्यादेश निघण्याआधीच लेखी हरकत नोंदवावी आणि दखल न घेतल्यास विलंब न लावता उच्च न्यायालयात रिट याचिका करावी.