पाय रुंद, चप्पल अरुंद? कोल्हापुरी बनवून घेण्याआधी माप असं काढा

‘पाय रुंद आहे ना, मग एक नंबर मोठी घ्या.’ दुकानात हा सल्ला हमखास मिळतो. पण तो बहुतेक वेळा चुकतो. आपल्याकडे चालणाऱ्या नंबरात एका नंबराने लांबी जवळपास साडेआठ मिलिमीटरने वाढते. रुंदी त्यामानाने थोडीच वाढते. म्हणजे पट्टा काचतोच, वर मागे टाच घसरते आणि चालताना पाय अडखळतो.

शेतात अनवाणी राबलेले रुंद पाय, अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेले पाय, सपाट तळवे, संध्याकाळी सुजणारे पाय यांना तयार माल सहसा बसत नाही. अशांसाठी हाताने बनवलेली चप्पल सोयीची. कारण कारागीर तळ, पट्टा आणि अंगठा आपल्या मापाने कापू शकतो. मात्र माप बरोबर हवं.

माप कसं काढायचं?

१. माप संध्याकाळी काढा. दिवसभरात पाय थोडा फुगतो. सकाळच्या मापाची चप्पल संध्याकाळी आवळते.

२. फरशीवर कोरा कागद ठेवा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. बसून माप घेऊ नका, भार पडला की पाय पसरतो.

३. रेघ दुसऱ्याला मारायला सांगा. आपण वाकलो की पाय हलतो. पेन्सिल सरळ उभी धरायची, पायाखाली तिरकी घालायची नाही.

४. दोन्ही पाय काढा. दोन्ही तंतोतंत सारखे नसतात. कागदावर ‘डावा’, ‘उजवा’ लिहा.

५. लांबी टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं.

६. न ताणणारा दोरा घ्या. बोटांच्या मुळाशी, जिथे पाय सगळ्यात रुंद आहे तिथे एक घेर आणि पट्टा येतो त्या उंचवट्यावर दुसरा घेर घ्या. दोरा पट्टीवर मोजून आकडे कागदावरच लिहा.

व्हॉट्सॲपवर माप पाठवताय?

नुसता पायाचा फोटो उपयोगाचा नाही, त्यात खरं माप कळत नाही. कागदाशेजारी शाळेची पट्टी ठेवून बरोबर वरून फोटो काढा, सोबत आकडेही लिहा. जमलं तर मूळ कागदच पाठवा. हाड कुठे बाहेर आलंय, कुठे भोवरी आहे तिथे खूण करा. एक पाय मोठा असेल तर दोन्ही चपला वेगळ्या मापाने करायला आधीच सांगा.

घालून बघताना

टाच तळाबाहेर लोंबायला नको. बोटांपुढे साधारण अर्धा सेंटिमीटर जागा हवी. पट्टा सुरुवातीला थोडा घट्ट चालेल, कातडं वापरात सैल होतं. पण लांबी कमी पडली तर ती वाढत नाही. अंगठा मात्र पहिल्याच दिवशी रुतत असेल तर तिथल्या तिथे सैल करून घ्या. नवी चप्पल पहिले काही दिवस तास-दोन तासच घाला. पट्ट्याला आतून थोडं खोबरेल लावलं की तो मऊ पडतो. पाण्यात, चिखलात ती घालू नका.

खरी कोल्हापुरी बाभळीची साल, हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची असते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत.

मधुमेह असेल तर थांबा

पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल तर चप्पल चावलेली कळतच नाही. साधा फोड चिघळून बोट गमवायची वेळ येऊ शकते. अशांनी अंगठ्याची कडक चप्पल टाळावी. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल लागते. मायक्रोसेल्युलर रबरची, म्हणजे एमसीआर चप्पल यासाठीच असते. आधी डॉक्टरांना पाय दाखवा. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासा. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्यांना बघायला सांगा.