झाकणाचं पेटंट: कशाला मिळतं, कशाला नाही

- कायदा: पेटंट अधिनियम, 1970. मुदत अर्जापासून 20 वर्षे.
- कसोट्या: नावीन्य, कल्पकता, औद्योगिक उपयोग.
- कल्पकता म्हणजे 'उघड' नसणं. 'उघड' म्हणजे: त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणारं. माहितीचे आटे, वॉशर, सील यांची नुसती फेरमांडणी पुरत नाही.
- डिझाइन वेगळं: गळती थांबवणारी रचना पेटंटखाली, नुसतं रूप डिझाइन अधिनियम, 2000 खाली, 10 अधिक 5 वर्षे.
- हरकत: मंजुरीपूर्वी कोणाचीही, मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभरात फक्त हितसंबंधितांची.
- निकाल: बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल, सर्वोच्च न्यायालय, 1978. भांडी लेथवर धरण्याच्या युक्तीचं पेटंट रद्द. नावीन्य आणि कल्पकता नाही.
- वऱ्हाडातून: अमरावती, अकोल्याचे अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाच्या कक्षेत, ऑनलाइनही भरता येतात.