ट्रॅकवर कोणती गाडी बरी : ऑल-व्हील ड्राइव्ह की रिअर-व्हील ड्राइव्ह?



११ फेब्रुवारी २०२३ रोजी आपल्या हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ईची शर्यत झाली. विजेच्या गाड्यांची ही भारतातली अशी पहिलीच शर्यत. जाँ-एरिक व्हर्न ती जिंकला. तेव्हापासून आपल्या घरांतल्या तरुण मंडळींत एक वाद रंगतो : ट्रॅकवर चालवायला चारही चाकांना ताकद देणारी गाडी चांगली, की फक्त मागच्या दोन चाकांना देणारी? यातली काही मुले-मुली आता कमावती झाली आहेत. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर जायचे त्यांच्या मनात आहे, आणि गाडीत बरीच मोठी रक्कम घालायची तयारी आहे. पैसा आणि जीव दोन्हींचा प्रश्न असल्याने आई-वडिलांनाही समजेल अशा भाषेत आम्ही हा विषय मांडत आहोत.

सुरुवात टायरपासून करू. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग साधारण तळहाताएवढा असतो. त्याची पकड ही महिन्याच्या पगारासारखी आहे. किराण्यात जास्त गेला की मुलांच्या फीला कमी उरतो. तसेच टायरची पकड वेग घेण्यात किंवा ब्रेक लावण्यात खर्च झाली, की वळण्यासाठी तेवढी कमी शिल्लक राहते. दोन्ही पद्धतींमधला फरक या एका हिशेबात आहे.

रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये कामाची वाटणी सरळ असते. पुढची चाके वळवतात, मागची ढकलतात. गाडी जोरात निघते तेव्हा तिचा भार मागे सरकतो, त्यामुळे ढकलणाऱ्या चाकांची पकड नेमकी हवी तेव्हा वाढते. पुढचे टायर मोकळे असल्याने स्टीअरिंग हलके आणि बोलके वाटते. पण वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर जास्त दाबला गेला, तर मागचे टायर घसरतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो.

ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये तीच ताकद चार टायरांत वाटली जाते. प्रत्येकाच्या वाट्याला कमी ओझे येते, म्हणून वळण संपता संपता लवकर वेग घेता येतो. पावसात तर हा फायदा स्पष्ट दिसतो. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. जास्तीचे शाफ्ट आणि गिअर यांचे वजन गाडीला कायम वाहावे लागते, आणि तेवढे वजन प्रत्येक वळणात व प्रत्येक ब्रेकला टायरवर येते. पुढच्या टायरांना वळवणे आणि ओढणे अशी दोन्ही कामे करावी लागल्याने गाडी वळणात बाहेरच्या बाजूला सरकण्याकडे झुकते. टायर आणि ब्रेक पॅडही लवकर झिजतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी लवकर पळते, पण त्यामुळे लवकर थांबत नाही. वळणाच्या मध्यावर, अॅक्सिलरेटर सोडलेला असताना, तिच्याकडे जास्तीची पकडही नसते. सहज वेग मिळतो म्हणून चालकाला गाडी आपल्या ताब्यात आहे असे वाटते, आणि पुढच्या वळणाला तो जास्त वेगाने पोहोचतो. ट्रॅकवरचा धोका इथे आहे.

शर्यतींचा इतिहासही दोन्ही बाजूंनी बोलतो. १९६१ साली इंग्लंडमधल्या औल्टन पार्कला स्टर्लिंग मॉसने चारही चाकांना ताकद देणारी फर्ग्युसन पी-९९ ओल्या ट्रॅकवर जिंकून दाखवली. १९६९ मध्ये लोटस, मात्रा, मॅकलॅरन यांनी फॉर्म्युला वनसाठी तशा गाड्या केल्या, पण त्या जड पडल्या. शिवाय त्याच सुमारास आलेल्या पंखांमुळे हवेचा दाबच मागच्या टायरांना हवी ती पकड देऊ लागला. याउलट बऱ्याच ताकदीच्या, छप्पर असलेल्या गाड्यांत चित्र वेगळे दिसले. निसान स्कायलाइन जीटी-आर एरवी मागच्या चाकांवर चालायची आणि ती घसरू लागली की ताकद पुढे पाठवायची. तिने १९९१ व १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची शर्यत जिंकली. १९९६ मध्ये ऑडी ए-४ क्वाट्रोने ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धा जिंकली, आणि पुढे त्या स्पर्धेत ऑल-व्हील ड्राइव्हवर बंदीच आली.

हुसेनसागरला धावलेल्या गाड्यांना पुढे आणि मागे दोन्हीकडे मोटर होती. पण वेग घ्यायला फक्त मागची चालायची. पुढची मोटर ब्रेक लावताना वीज बॅटरीत परत भरायची. २०२४-२५ च्या हंगामापासून पुढच्या मोटरलाही ढकलण्याची मुभा मिळाली, तीसुद्धा ठरावीक वेळीच : शर्यतीच्या सुरुवातीला, पात्रता फेरीतल्या आमनेसामनेच्या लढतींत, आणि 'अटॅक मोड' या जादा ताकदीच्या काळात. म्हणजे पकड कमी आणि ताकद जास्त असते तेव्हाच चारही चाकांचा सर्वात जास्त उपयोग होतो.

मग घरात निर्णय कसा घ्यावा? आमचे म्हणणे असे :

१. पहिली एक-दोन वर्षे ताकदवान गाडी घेऊच नये. कमी ताकदीच्या गाडीत दोन टायरांची पकड पुरते, तिथे ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे फक्त जास्तीचे वजन.

२. प्रशिक्षकाबरोबर हलक्या रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीत शिकावे. तिथे चूक कमी वेगात आणि लगेच कळते. घरची छोटी गाडी बहुधा पुढच्या चाकांवर चालणारी असते. ब्रेक आणि वळणाची रेषा शिकायला तीही चालते.

३. पैसे आधी चांगले टायर, ब्रेक पॅड, नवे ब्रेक ऑइल, हेल्मेट आणि प्रशिक्षण यांवर घालावेत.

४. विम्याची पॉलिसी वाचावी. नेहमीच्या मोटर विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नसते. ट्रॅकवर झालेले नुकसान स्वतःच्याच खिशातून भरावे लागू शकते.

५. सराव आउटर रिंग रोडवर नको. तिथे दुसऱ्याचे कुटुंबही प्रवास करत असते.

पुढे हात बसला, गाडी खूप ताकदीची असली किंवा पावसात चालवायची असली, तर ऑल-व्हील ड्राइव्हचा विचार जरूर करावा. तोवर मुलगा किंवा मुलगी 'चारही चाकांची गाडी सुरक्षित असते' असे म्हणाली, तर आई-वडिलांनी एवढेच विचारावे : थांबायला ती किती मदत करते?

मंडळातल्या ज्या सभासदांनी ट्रॅकवर गाडी चालवली आहे, त्यांनी आपले अनुभव जरूर कळवावेत. नव्यांना त्यांचा उपयोग होईल.